चित्रपटाची बोली आणि चित्रपटाचे व्याकरण



चित्रपटाचा खेळ सुटला, म्हणजे थिएटरच्या दाराशी घटकाभर उभे राहावे आणि बाहेर पडणाऱ्या माणसांचे बोलणे ऐकावे. कोणी म्हणतो, गोष्ट चांगली होती; कोणी म्हणतो, नायिकेचे काम झकास झाले; कोणाला दुसरे गाणे आवडलेले असते, तर कोणाला शेवट पटलेला नसतो. हे सारे बोलणे गोष्टीविषयी, नटांविषयी आणि गाण्यांविषयी असते. ती गोष्ट आपल्याला दाखवली कशी, ह्याविषयी क्वचितच कोणी काही बोलतो. गवयाच्या बैठकीहून परतताना हेच लोक ताना, सम, लय ह्यांविषयी वाद घालतात. कुस्तीचा फड पाहून येणारा शेतकरीही कोणता डाव कसा पडला हे नावानिशी सांगतो. मग चित्रपटापाशीच आपण मुके का होतो? आमच्या मते ह्याचे कारण रसिकतेचा अभाव हे नाही. कारण एवढेच की, तान आणि सम हे शब्द आपल्यापाशी आहेत, धोबीपछाड आणि ढाक हेही शब्द आहेत. पण पडद्यावर जे घडते त्याची नावे आपल्या तोंडी बसलेली नाहीत. ज्या वस्तूला नाव नाही ती डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

म्हणून आज आम्ही ह्या नावांचा इतिहास सांगणार आहोत. ही परिभाषा कोठून आली, कोणी घडवली, तिच्यातील कोणते शब्द रुजले आणि कोणते वाळून गेले, हे पाहू. आणि मग त्या शब्दांच्या आड जे खरे व्याकरण आहे त्याकडे वळू. विषय कोशातला वाटला, तरी तो आपल्या रोजच्या जगण्याशी किती जवळून भिडतो हे शेवटी ध्यानात यावे अशी आमची अपेक्षा आहे.

यंत्राआधीचे शब्द

'चित्रपट' हा शब्द सिनेमाच्या यंत्राहून कितीतरी जुना आहे. पट म्हणजे वस्त्र. चित्र काढलेले वस्त्र तो चित्रपट. असे पट उलगडून त्यांवरची कथा गाऊन सांगणारे लोक आपल्या देशात फार पूर्वीपासून होते. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त चाणक्याचा हेर हिंडतो तो यमपट दाखवणाऱ्या भिक्षेकऱ्याच्या वेषात. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे चित्रकथी आजही ही परंपरा सांभाळून आहेत. कागदावर रंगवलेल्या चित्रांची एक जुडी, तिला ते पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरायचे, त्यावरचे कथानक गाऊन सांगायचे आणि ते मागे टाकून पुढचे काढायचे, अशी ही रीत आहे. चित्रामागून चित्र यावे आणि त्यांच्या ओळीतून कथा पुढे सरकावी, ही कल्पना आपल्याला परकी नव्हती असा ह्याचा अर्थ. परके होते ते यंत्र.

यंत्राचीही चाहूल सिनेमाच्या अगोदर लागली होती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनी 1892 मध्ये काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडून दाखवण्याचे खेळ सुरू केले. विलायतेत ह्या साधनाला 'मॅजिक लँटर्न' म्हणत. पटवर्धनांनी त्याचे नाव ठेवले 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा मायावी असुर. म्हणून शांबरी म्हणजे माया, आणि हा मायेचा कंदील. नाव भारदस्त आहे, अर्थाला अचूक आहे, आणि तरीही ते लोकांच्या तोंडी राहिले नाही. परिभाषेच्या इतिहासातला पहिला धडा इथेच मिळतो. शब्द बरोबर असून भागत नाही. तो उच्चारताना माणसाची धांदल उडता कामा नये.

1896 ते 1913: नावावाचून आलेली वस्तू

लुमिएर बंधूंनी पॅरिसच्या ग्रां काफेत 28 डिसेंबर 1895 रोजी तिकीट लावून पहिला खेळ केला. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच, म्हणजे 7 जुलै 1896 रोजी, त्यांच्या माणसांनी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तोच खेळ दाखवला. तिकीट एक रुपया. आगगाडी स्थानकात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, एक भिंत पाडली जाते, अशी लहान लहान दृश्ये त्यात होती. यंत्राचे नाव 'सिनेमॅटोग्राफ'. हा ग्रीक शब्द फोडून पाहिला तर त्याचा अर्थ होतो 'गती लिहिणारा'. हा अर्थ श्रोत्यांनी मनात जपून ठेवावा, पुढे तो आपल्याला लागणार आहे. त्याच सुमारास दुसरे नाव आले 'बायोस्कोप', म्हणजे जीवन दाखवणारा. विद्वानांना सिनेमॅटोग्राफ पसंत पडला, जत्रेला बायोस्कोप. आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा येई, तेव्हा गावातली वृद्ध मंडळी त्याला बायोस्कोपच म्हणत. आणि त्या तंबूत जे चाले त्याला सगळेच 'खेळ' म्हणत. हा शब्द नाटकवाल्यांचा आणि तमासगिरांचा. अजूनही आपण सहाचा खेळ, नऊचा खेळ असेच म्हणतो. पडदा फारसीतून आला, तालीम अरबीतून आली, आणि दोन्ही शब्द रंगभूमीच्या वळचणीला राहून पुढे चित्रपटाच्या घरात आले. जुने घर सोडून नव्या घरात राहायला जाताना माणूस भांडीकुंडी बरोबर नेतो, तसेच हे झाले.

ह्या नव्या यंत्राने आपल्याकडे पहिली चित्रे घेतली ती हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, ह्यांनी. 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचे त्यांनी चित्रण केले. केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1901 च्या डिसेंबरात परतले, तो स्वागताचा प्रसंगही त्यांनी टिपला. पण हे सारे घडत असलेल्या गोष्टीची नोंद करणे झाले. गोष्ट रचून ती चित्रांत सांगणारे पहिले मराठी कारागीर म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळक्यांचे चरित्र आपणास ठाऊक आहे, ते आम्ही पुन्हा सांगत नाही. आमच्या विषयाला लागू पडणारी एक हकिकत मात्र सांगितली पाहिजे. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे तो सुरतेला नेला, तेव्हा लोक येईनात. सहा-सहा तास चालणारे नाटक पाहायला मिळत असता तासाभराच्या ह्या वस्तूला पैसे कोण देणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात दिली असे सांगतात की, सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, फक्त तीन आण्यांत! लोकांची झुंबड उडाली. आता ह्या जाहिरातीचा हिशेब करून पाहा. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागले म्हणजे सुमारे साडेतीन हजार फूट होतात, आणि मैल तर पाच हजार दोनशे ऐंशी फुटांचा! म्हणजे चित्रांचा आकडा लांबीशी जुळतो, पण दोन मैल हे निव्वळ जाहिरातीचे गणित. सेकंदाला सोळा चित्रे ह्या वेगाने ती फिरवली की बरोबर तासाभराचा खेळ होतो. ह्यात हसण्यासारखे काही नाही. वस्तू नवी होती, तिचे वर्णन करायला भाषेत शब्द नव्हते, म्हणून फाळक्यांनी ती कापडासारखी मोजून दाखवली. शब्द नसला की माणूस वजनमापावर येतो.

आणि शब्द नव्हते म्हणून काम अडले असेही नाही. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येई. अंधारात बसून यंत्राने ती भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. फिल्म कॅमेऱ्यात भरणे, रसायने कालवणे ही कामेही त्यांनी केली. चित्रण चालू असता उन्हात पांढरी चादर धरून त्या प्रकाश परतवीत, आणि एवढे करून साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही पाहत. आज ह्यातल्या एकेका कामाला वेगळे नाव आणि वेगळा पगार आहे. मराठी चित्रपटाच्या परिभाषेचा पाया अशा बिननावाच्या हातांनी घातला गेला, हे विसरू नये.

1917-18 साली 'नवयुग' मासिकात फाळक्यांनी लेखमाला लिहिली, तिचे नाव 'भारतीय चित्रपट'. वस्त्रावरच्या चित्रांचा तो जुना शब्द अशा रीतीने यंत्राच्या चित्रांना मिळाला. पडदा हेही वस्त्रच आणि फिल्म हीही एक पट्टीच, त्यामुळे शब्द दोन्ही बाजूंनी चपखल बसला. 'शांबरिक खरोलिका' मागे पडली आणि 'चित्रपट' टिकला, ह्याचे रहस्य हेच.

पाटीवरची भाषा आणि फ्लोअरवरची भाषा

पुढची मजल कोल्हापुरात मारली गेली. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे कारागीर घराण्यातले. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता लोकांनी त्यांचे आडनावच पेंटर करून टाकले. चुलतभाऊ आनंदराव ह्यांच्यासह त्यांनी कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 मध्ये वारले. पण बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला, आणि त्याच कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 मध्ये उतरला. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटले. ह्या पदवीतला पहिला शब्द इंग्रजी आणि दुसरा आपला. आपल्या परिभाषेचे पुढचे सारे भवितव्य जणू ह्या दोन शब्दांत सामावलेले आहे. ह्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ह्या मंडळींनी सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साथीने 1929 मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' काढली, आणि 1933 मध्ये ती पुण्याला नेली.

मधल्या काळात चित्रपट बोलू लागला होता. 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी मुंबईत लागला, आणि फेब्रुवारी 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. 'बोलपट' हा शब्द आला, आणि तो आल्यामुळे 'मूकपट' ह्या शब्दाची गरज पडली. गंमत पाहा, मूकपट होते तोवर त्यांना कोणी मुके म्हणत नव्हते. तंबूत पेटी-तबला वाजे, वाचता न येणाऱ्यांसाठी कोणीतरी पाट्या मोठ्याने वाचून दाखवी, आणि पिटातले प्रेक्षक तर अखंड बोलत. मुकेपणाचे नाव बोलणे आल्यानंतर पडले.

ह्याच सुमारास भाषाशुद्धीची चळवळ जोरात होती. बोलपट, मूकपट, दिग्दर्शक, मध्यंतर असे पुष्कळ शब्द परंपरा सावरकरांच्या नावे देते. त्यांतला कोणता शब्द नवा घडवलेला आणि कोणता जुनाच पुढे आणलेला ह्याचा वाद येथे नको. 'चित्रपट' हा शब्द फाळक्यांनी अगोदर वापरला होता हे आपण पाहिलेच. चळवळीचे श्रेय शब्द घडवण्यापेक्षा ते रुळवण्यात अधिक आहे. नाटक मंडळीत तालीममास्तर असे. चित्रपटात दिग्दर्शक आला, म्हणजे दिशा दाखवणारा. नट काय करील एवढेच न पाहता प्रेक्षकाची नजर कोणत्या दिशेला जाईल हेही जो ठरवतो, त्याला ह्याहून चांगले नाव आम्हाला तरी सुचत नाही.

परंतु ह्या यशालाही एक हद्द आहे, आणि ती नीट ओळखली पाहिजे. चित्रपटाच्या आरंभी जी नामावली सरकते तिची भाषा पाहा: कथा, पटकथा, संवाद, छायालेखन, संकलन, नेपथ्य, वेशभूषा, पार्श्वगायन, दिग्दर्शन. जणू संस्कृत पाठशाळेचा समारंभ चालला आहे. आता स्टुडिओच्या फ्लोअरवर या. तेथे दिग्दर्शक 'कट' म्हणतो. शॉट लावतात, सेट लावतात, ट्रॉली ढकलतात, क्लॅप देतात, रिटेक घेतात आणि संध्याकाळी पॅकअप करतात. लहान दिव्याला 'बेबी' म्हणतात. नामावलीत संकलन असते, खोलीत मात्र एडिटिंग चालते. पडद्यावर छायालेखन, बाहेर कॅमेरामन. म्हणजे एकाच धंद्याच्या दोन भाषा झाल्या, एक पाटीवरची आणि एक फ्लोअरवरची.

पुष्कळांना ह्याची खंत वाटते. आम्हाला ती फारशी वाटत नाही. 'कट' हा शब्द एका अक्षरी हुकमासारखा आहे; शंभर फूट फिल्म वाया जात असताना 'विच्छेद' म्हणून कोण ओरडणार? शिवाय शब्द इंग्रजी असला तरी त्याचे क्रियापद पाहा: शॉट 'लागतो', चित्रपट 'पडतो' किंवा 'चालतो', आणि न चाललेला 'डब्यात जातो'. ज्या पत्र्याच्या डब्यांत फिल्मची रिळे ठेवत, त्या डब्यावरून हा वाक्प्रचार निघाला. नामे उसनी असली तरी क्रियापदे आपली आहेत, आणि भाषा जगते ती क्रियापदांवर.

खरी खंत दुसरीच आहे. पाटीवरची भाषा प्रेक्षक वाचतो पण वापरत नाही. फ्लोअरवरची भाषा कारागीर वापरतो पण ती प्रेक्षकाच्या कानी पडत नाही. दोन्हींच्या मध्ये प्रेक्षक बसलेला आहे, शब्दावाचून.

गती लिहिण्याचे व्याकरण

आता त्या ग्रीक अर्थाकडे वळू. सिनेमा म्हणजे जर गती लिहिणे, तर त्या लिहिण्याला अक्षर, शब्द आणि वाक्य असलेच पाहिजे. कॅमेरा एकदा सुरू केला आणि थांबवला, त्या दरम्यान जे टिपले गेले तो एक शॉट. हा चित्रपटाचा शब्द. लुमिएर बंधूंचे बहुतेक खेळ असे एकेका शब्दाचे होते: आगगाडी येते, संपले.

पुढे ह्या शब्दाला मात्रा-वेलांट्या लागल्या. कॅमेरा दूर ठेवला तर माणूस आणि त्याचा सारा परिसर दिसतो, तो लाँग शॉट. जवळ नेला तर नुसता चेहरा दिसतो, तो क्लोज-अप. समीपदृश्य, निकटदृश्य असे पर्याय सुचवले गेले, रुळला मात्र क्लोज-अप. त्याचा जन्म मोठा मौजेचा आहे. इंग्लंडात ब्रायटनला जी. ए. स्मिथ नावाचा छायाचित्रकार होता. त्याने 1900 मध्ये आजीच्या भिंगाचा एक छोटा चित्रपट केला. नातू भिंगातून एकेक वस्तू पाहतो: घड्याळ, पिंजऱ्यातला पक्षी, मांजराचे पिल्लू, आणि आजीचा डोळा. पडद्यावर एक भलामोठा डोळा गोल फिरताना दिसतो. इतक्या जवळून दाखवण्यासाठी तेव्हा भिंगाची सबब लागली. 1934 मध्ये शांतारामबापूंनी प्रभातच्या 'अमृतमंथना'त राजगुरूचा एकच डोळा सारा पडदा भरून दाखवला. हिंदी आवृत्तीतला चंद्रमोहनचा तो डोळा पाहणारे जन्मभर विसरले नाहीत. तेथे भिंग नाही, सबब नाही. चौतीस वर्षांत प्रेक्षक एवढे शिकला होता की, माणसाचे क्रौर्य पाहायचे तर त्याच्या डोळ्यापाशी जावे लागते.

नाटकात हे शक्य नाही. नाटकात पहिल्या रांगेतला गृहस्थ आणि शेवटच्या रांगेतला गृहस्थ आपापल्या अंतरावरून नटाकडे पाहतात. चित्रपटात सारेच पहिल्या रांगेत, आणि तेही दिग्दर्शकाच्या मर्जीने. फाळक्यांना ही शक्ती उमगली होती. त्यांच्या 1919 च्या 'कालियामर्दना'त आरंभीच त्यांची छोटी कन्या मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने एकामागून एक भाव दाखवते, आणि मग ती हळूहळू कृष्ण होते. एक चित्र विरत जाते आणि दुसरे त्याच्यातून उमटते, ह्याला डिझॉल्व्ह म्हणतात. आपल्या घरच्या मुलीतून देव उमटताना दाखवायला ह्याहून योग्य साधन कोणते?

पण शब्दांची यादी म्हणजे भाषा नव्हे. शब्दाला शब्द जोडला की भाषा सुरू होते, आणि चित्रपटात हा जोड म्हणजे कट. आरंभी तो केवळ जादूचा भाग होता. फ्रान्समधला जादूगार मेलिएस सांगत असे की, भर रस्त्यात चित्रण करताना आपला कॅमेरा क्षणभर अडला आणि पुन्हा सुरू झाला. फिल्म फिरवून पाहतो तो प्रवाशांच्या गाडीची एकदम प्रेतगाडी झालेली! जोड दिला की वस्तू बदलते, एवढे त्याला कळले. जोड दिला की अर्थ बदलतो, हे कळायला आणखी वीसेक वर्षे जावी लागली.

रशियातील कुलेशॉव्ह ह्या दिग्दर्शक-शिक्षकाने एक प्रयोग केला, त्याची हकिकत त्याचा सहकारी पुडोव्हकिन ह्याने लिहून ठेवली आहे. मोझुखिन नावाच्या प्रसिद्ध नटाचा एक भावहीन चेहरा त्यांनी घेतला. तोच तुकडा एकदा सुपाच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीतल्या स्त्रीला जोडला आणि एकदा खेळणाऱ्या मुलीला जोडला. प्रेक्षकांनी नटाची वाहवा केली: सूप पाहताना तो किती विचारात गढला होता, मृत स्त्रीकडे पाहताना केवढे दुःख, मुलीकडे पाहताना केवढे वात्सल्य! वास्तविक तुकडा तोच, चेहरा तोच, त्यावर भाव मुळीच नाही. भाव होता तो जोडात, आणि तो भरला प्रेक्षकांनी.

ह्याच देशातला आयझेनस्टाइन म्हणे की, चित्रलिपीत डोळ्याच्या चिन्हाला पाण्याचे चिन्ह जोडले की 'रडणे' असा अर्थ होतो, चित्रपटाचेही तसेच. आम्हाला वाटते, ही गोष्ट समजून घ्यायला मराठी माणसाला चीन-जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपण सर्वांनी शाळेत समास घोकले आहेत. 'दश' म्हणजे दहा, 'आनन' म्हणजे तोंड. पण 'दशानन' म्हणजे दहाही नव्हेत आणि तोंडेही नव्हेत, तर रावण. दोन पदे जवळ येतात आणि दोन्हींत नसलेला तिसराच अर्थ उभा राहतो, तो बहुव्रीही. कट हा चित्रपटातला बहुव्रीही होय. सूप हे एक पद, चेहरा हे दुसरे पद, आणि भूक हा दोन्हींबाहेरचा अर्थ. इकडे नायिका संकटात, तिकडे नायक घोड्यावर, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे, असा जो आलटूनपालटून जोड असतो तो द्वंद्व समास समजावा. अमेरिकेत ग्रिफिथने तो नावारूपाला आणला.

आणि येथे आपल्या 'संकलन' ह्या शब्दाचे मोल कळते. इंग्रजी कारागीर ह्या कामाला कापणे म्हणतो. आपल्या जुन्या गणितात संकलन म्हणजे बेरीज आणि व्यवकलन म्हणजे वजाबाकी. संकलकाचे हात दिवसभर कापाकापी करतात, फिल्मचे ढीग बाजूला पडतात. तरीही शब्द सांगतो की हे काम मुळात बेरजेचे आहे. ज्याने हा शब्द ह्या कामाला लावला, त्याने जाणून लावला असो वा नसो, तो नेमका मर्मावर बसला आहे. फक्त ही बेरीज नेहमीची नव्हे. येथे एक आणि एक मिळून तीन होतात.

ह्या नजरेने आपले जुने चित्रपट पुन्हा पाहावेत. 1936 च्या 'संत तुकारामा'त तुकोबा अभंग गातात, आणि तोच अभंग सालोमालो आपल्या नावावर खपवतो. खरा कोण आणि भोंदू कोण हे कोणी सांगावे लागत नाही. शब्द तेच, पण दोन चेहरे शेजारी आले की अर्थ उघडा पडतो. 1937 च्या 'कुंकू'त पार्श्वसंगीताऐवजी घरातले आणि रस्त्यातले खरे आवाज वापरले आहेत. म्हातारा नवरा, तरुण नीरा, आणि भिंतीवरचे जुने घड्याळ. घड्याळाचे चित्र आणि नवऱ्याचे चित्र जवळ आले की 'वय' हा शब्द न उच्चारता कानावर पडतो. ह्या चित्रपटांवर आपण इतकी वर्षे प्रेम केले ते त्यांच्या गोष्टींसाठी, अशी आपली समजूत आहे. खरे पाहता आपण त्यांच्या व्याकरणावर प्रेम केले. फक्त आपल्याला ते सांगता आले नाही.

उरलेले शब्द

आता थोडे वर्तमानाकडे. प्रभातच्या जागेवर 1960 मध्ये सरकारी चित्रपट शिक्षणसंस्था उभी राहिली, आणि 1964 मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तरीही आपल्या मूकपटांपैकी फारच थोडे उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे म्हणून जे आज दाखवले जाते, ते 1913 चे की फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या प्रतीचे, ह्यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. जुनी नायट्रेट फिल्म दारूगोळ्यासारखी पेट घेते. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात अशा फिल्मचा मोठा साठा जळाला. आणि 2010 नंतरच्या काही वर्षांत तर थिएटरांतून फिल्मच नाहीशी झाली. आता ना रीळ, ना भोके, ना डबा. पण शब्द पाहा, ते सारे जिवंत आहेत. फूट मोजायला फिल्म नाही तरी 'फुटेज' आहे. कापायला काही नाही तरी 'कट' आहे. आणि आपली नातवंडे हातातल्या फोनवर दिवसभर जे पाहतात त्याला 'रील'च म्हणतात. वस्तू गेली आणि नाव उरले.

ह्याच ठिकाणी आमचा विषय गमतीचा राहत नाही. एके काळी हे व्याकरण दोन-चारशे कारागिरांच्या हाती होते. ते स्टुडिओत बसून आपल्याला हसवत-रडवत, आणि आपण तिकीट काढून हसायला-रडायलाच जात होतो. त्यात फसवणूक नव्हती. आज तेच व्याकरण ज्याच्या खिशात फोन आहे त्या प्रत्येकाच्या हाती आले आहे. एका पुढाऱ्याचे एक वाक्य, त्याला जोडून कुठल्यातरी दुसऱ्याच सभेतल्या टाळ्या. एका गावचा दंगा, त्याला जोडून दुसऱ्या गावचे रडणारे मूल. प्रत्येक तुकडा खरा, आणि जोड खोटा. कुलेशॉव्हच्या प्रेक्षकांनी भावहीन चेहऱ्यात दुःख पाहिले, त्यात नुकसान कोणाचे झाले नाही. आपण भलत्या जोडात द्वेष पाहिला, तर शेजाऱ्याचे घर जळते.

ह्यावर कायदा काय करील ते कायदेपंडित सांगोत. आमच्यासारख्याला सुचतो तो उपाय साधा आहे. शाळेत आपण मुलांना समास सोडवायला शिकवतो: पीतांबर, पीत आहे अंबर ज्याचे असा तो. हा विग्रह करण्याची सवय चित्रांच्या बाबतीतही लागली पाहिजे. पडद्यावर काही पाहून मन एकदम हेलावले, तर स्वतःला विचारावे: हे एक चित्र आहे की दोन? दोन असतील तर ती कोणी जोडली? मधला जोड कोठे आहे? एवढे तीन प्रश्न विचारता आले, की माणूस पिटात बसलेला असला तरी मुका राहत नाही. आणि ह्याने चित्रपटाची गोडी कमी होईल अशी भीती कोणी बाळगू नये. सम कोठे येणार हे ज्याला कळते, त्याचीच मान समेवर अधिक डोलते.

श्रोतेहो, आपले व्याख्यान संपले की पुढच्या आठवड्यात तुमच्यापैकी कोणीतरी चित्रपटाला जाईल. बाहेर आल्यावर सोबत्याने विचारले, खेळ कसा होता, तर गोष्ट जरूर सांगा, गाणे गुणगुणा. पण एखादा जोडही सांगा, की अमक्या चित्रामागून तमके चित्र आले तेव्हा पोटात कालवले. शब्द इंग्रजी वापरा की मराठी, आमची तक्रार नाही. सरस्वतीबाईंपाशी शब्द नव्हते, काम होते. आपल्यापाशी काम नाही, निदान शब्द तरी असावेत.